पंचाहत्तर वॅटच्या आत

पुतण्याने पाठवलेला फोटो कॉम्प्युटरच्या पोटातला होता. बॅटरीच्या उजेडात काढलेला, जरासा हललेला. पत्र्याच्या डबीवर चिकटवलेलं स्टिकर, त्यावर व्होल्ट-अँपिअरचे बारीक रकाने, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. खाली एवढंच लिहिलेलं, "काका, ह्याच्यावर कुठलं ग्राफिक्स कार्ड चालेल? टीव्हीला लावायचंय." रात्रीचे अकरा वाजून गेले होते. सकाळी बघू म्हणून मी फोन उशाशी ठेवला खरा, पण थोड्या वेळाने पुन्हा उचलून ते रकाने वाचत बसलो. झोप येत नसली की लोक भजनं ऐकतात. मला वीजपुरवठ्याचं स्टिकर पुरतं.

डबा माझ्या ओळखीचाच होता. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, चपटा, काळा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली, आणि त्याच्या आगेमागे कंपन्यांनी जुनी यंत्रं गाड्या भरभरून बाहेर काढली. त्या लाटेत असेही डबे बाजारात आले जे विंडोज ११ बिनतक्रार चालवतात. इंटेलची आठवी पिढी ही त्यासाठीची सगळ्यात खालची पायरी. उल्हासनगरच्या एका दुकानात अशा डब्यांची छतापर्यंत थप्पी लागली होती, त्यातला एक आम्ही उचलला. त्याच्या अंगावर त्या ऑफिसचं बारकोडचं लेबल अजून आहे. पुतण्याने नखाने खरवडून अर्धं काढलं आणि मग त्याला कंटाळा आला. कुणीतरी त्या डब्यावर पाच-सहा वर्षं बिलं टाइप केली असतील, रजेचे अर्ज केले असतील. आता त्याच डब्याने शेणव्याच्या घरात टीव्हीवर मोटारी पळवायच्या होत्या.

शेणवा म्हणजे शहापूर तालुका. आसनगावला लोकलमधून उतरायचं, शहापूर गाठायचं आणि डोळखांब-किन्हवलीकडची एसटी पकडायची. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. जूनमध्ये पाऊस लागला की महिनाभर सगळ्यांच्या तोंडी आवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत तरुण पोरं पडघा-भिवंडीकडच्या गोदामांत कामाला जातात. पुतण्याही गेला होता. खोके मोजून, टेप लावून, रात्रपाळ्या करून त्याने पैसे साठवले आणि त्यातले दहा हजार ह्या कामासाठी बाजूला काढले. म्हणाला, "वर एक रुपया जाणार नाही काका." मला ते आवडलं. बजेट असं बोलायला हवं, त्यात "साधारण" हा शब्द असता कामा नये.

टीव्ही मात्र घराचा. गेल्या दिवाळीला भावाने त्रेचाळीस इंची फोर-के टीव्ही घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दुकानांबाहेर लागलेल्या फलकांच्या रांगेतला तो एक. घर बांधताना ओटी बंद करून तिचा हॉल केला होता, तरी सगळे अजून ओटीच म्हणतात. तिथे भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला आईची खाट. मधलं अंतर मी फरशांवरून मोजलेलं आहे : साडेचार फरश्या, म्हणजे नऊ फूट.

ह्या नऊ फुटांचं महत्त्व पुतण्याला पटवायला मला बराच वेळ लागला. त्याचं म्हणणं सरळ होतं. टीव्ही फोर-के, म्हणजे कार्डही फोर-के खेळवणारं हवं, नाहीतर एवढ्या टीव्हीचा उपयोग काय? हिशेब त्याच्या बाजूनेच बोलतो असं वरवर वाटतं. फोर-के म्हणजे आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके, मिळून ब्याऐंशी लाखांच्या वर. साधं फुल एचडी म्हणजे १,९२० गुणिले १,०८०, वीस लाखांच्या जरा पुढे. चौपट काम, तेही सेकंदाला साठ वेळा. दहा हजारांचं कार्ड ह्या ओझ्याखाली बसकण मारणार हे उघड आहे. पण डोळ्याचाही एक हिशेब असतो आणि तो कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो. चांगली नजर साधारण एक मिनिट कोनाएवढं बारीक वेगळं ओळखते, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. त्रेचाळीस इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो साडेपाच फुटांपर्यंत वेगळा दिसू शकतो. त्याच्या पलीकडे शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. खाट नऊ फुटांवर. म्हणजे खाटेवरून खेळणाऱ्याला फोर-केचे जादा साठ-बासष्ट लाख ठिपके बहुतेक दिसणारच नाहीत, त्यांच्यासाठी मोजलेले पैसे तेवढे दिसतील.

आणखी एक सोय अशी, की फोर-के म्हणजे फुल एचडीची दोन्ही बाजूंनी नेमकी दुप्पट. चित्र लहान आलं तर पडदा एकाच्या जागी चार ठिपके रंगवू शकतो, हिशेब न तुटता. कॉम्प्युटरच्या मॉनिटरसमोर माणूस हातभर अंतरावर बसतो, तिथे ही सवलत नाही. हातभर अंतर फार खर्चिक आहे. मला उगाच वाटून गेलं की पुष्कळ गोष्टी थोड्या लांबून बघायच्या ठरवल्या तर स्वस्तात निभतात. घरातली नातीही, पण तो विषय वेगळा.

टीव्ही आणि खेळ ह्यांची सोयरीक तशी जुनी आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याच्या काही दिवस आधी, त्याच वर्षी, अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स कंपनीने ओडिसी नावाचं खोकं विकायला काढलं होतं. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचं जगातलं पहिलं यंत्र. राल्फ बेअर नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेलं. त्याला पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ एवढंच काढता यायचं. बाकीचं मैदान, जाळी, भुताचं घर कुठून आणणार? तर खोक्यात रंगीत प्लास्टिकचे पातळ कागद यायचे, ते काचेवर चिकटवायचे. टेनिस खेळायचं तर टेनिसच्या मैदानाचा कागद. आजच्या भाषेत सांगायचं तर ते प्लास्टिक हेच त्या यंत्राचं ग्राफिक्स कार्ड.

हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या रंगीत काचा आठवल्या. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काळात एक प्लास्टिकचा पडदा मिळायचा, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. तो टीव्हीपुढे लावला की आभाळ निळं व्हायचं आणि गवत हिरवं. बातम्या सांगणाऱ्या बाईंचे केस निळे, चेहरा तांबूस आणि साडी कायम हिरवी. शहापूरला एका ओळखीच्यांकडे तसा पडदा होता आणि आम्ही पोरं दारातून तो बघत उभे राहायचो. रंग खोटा आहे हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असायचं. तरी काढायला कोणी सांगत नसे.

पुढे नव्वदच्या दशकात कॅसेटचे व्हिडिओ गेम आले. जपानी यंत्रांच्या स्वस्त नकला, पिवळी कॅसेट, तिच्यावर "९९९९ इन १" छापलेलं आणि आत फिरून फिरून तेच पाच-पंचवीस खेळ. तासावर भाड्याने मिळायचे. मामा लोक टीव्हीचं चॅनेल जुळवत बसायचे, चित्र खरखरायचं, आणि एकदाचा मारिओ दिसला की मागे बसलेली बाया-माणसंही पुढे सरकायची. त्या यंत्राचं चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं. आजच्या फोर-के पडद्याच्या एका कोपऱ्यात ते अख्खं मावेल. तेव्हा कुणाला ते कमी वाटलं नाही, कारण खेळणारा एक असायचा आणि बघणारे दहा. बघणाऱ्याला ठिपके मोजायला सवड नसते, तो "उडी मार, उडी मार" ओरडण्यात गुंतलेला असतो.

तर कार्ड. स्टिकरने पहिलीच अट घातली होती : सगळा पुरवठा मिळून २०० वॅट, आणि कार्डासाठी वेगळी वायर नाही. म्हणजे कार्डाने जे काही खायचं ते मदरबोर्डच्या खाचेतूनच खायचं, आणि ती खाच पंचाहत्तर वॅटच्या वर देत नाही. दुसरी अट डब्याच्या चपटेपणाची. त्यात आखूड, अर्ध्या उंचीचं कार्डच शिरतं. ह्या दोन चाळण्यांतून बाजारातली बहुतेक नावं आपोआप गळून पडतात, आणि मला ह्याचा फार आधार वाटतो. अमर्याद निवड असली की माणूस रात्र रात्र तुलना करत बसतो. शेणव्याच्या डब्याने आमच्यापुढे मोजून चार-पाच नावं ठेवली.

त्यांतही नावांचा घोळ आहेच. एनव्हिडियाचं जीटी १०३० घ्या. २०१७ चं, तीस वॅटवर भागवणारं गरीब कार्ड. त्याचंच दुसरं रूप २०१८ मध्ये आलं, नाव तेच, पण आतली मेमरी स्वस्तातली डीडीआर-फोर. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ गिगाबाइट वाहून नेते, दुसऱ्याची सतराच्या आत. खोक्यावर नाव एक, खेळताना फरक दिवसरात्रीचा. आरटीएक्स ३०५० चंही तसंच. २०२२ मध्ये आलेलं आठ जीबीचं निराळं, त्याला वेगळी वायर लागते. २०२४ चं सहा जीबीचं सत्तर वॅटमध्ये बसतं, पण त्यात कोअर कमी. हे दुसरं आमच्या डब्यासाठीच बनवल्यासारखं होतं, टीव्हीसाठी एचडीएमआय २.१ सुद्धा होतं त्यात. पण नवं घ्यायचं तर दहा हजार त्याला पुरत नव्हते, आणि २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केल्यावर भाव उतरायची वाट बघण्यातही अर्थ उरला नव्हता. एएमडीचं आरएक्स ६४०० त्रेपन्न वॅटवर चालतं. त्याची खोड अशी की ते मदरबोर्डशी चारच वाटांनी बोलतं. नव्या यंत्रात त्या वाटा रुंद असतात, आमच्या जुन्या डब्यात त्याच वाटांची रुंदी निम्मी. आणि मेमरी चारच जीबी असल्याने ती भरली की ह्या वाटांवरूनच ये-जा करावी लागते.

राहिलं जीटीएक्स १६५०. एप्रिल २०१९ चं, पंचाहत्तर वॅट, चार जीबी, सोळा वाटा, एचडीएमआय २.०, म्हणजे टीव्हीला फोर-के चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवण्याइतकं. जुनं आहे, किरणांची झगमग, म्हणजे रे ट्रेसिंग, त्याला येत नाही. पण आखूड उंचीत मिळतं आणि सेकंडहँड बाजारात दहाच्या खाली सापडतं. पुतण्या थोडा हिरमुसला. २०१९ म्हणजे तो चौथीत होता.

सेकंडहँड म्हटलं की ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगितलं तर टॅक्सीवाला दोनदा विचारतो. आसनगावहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल. दुकानांच्या तोंडाशी वायरींची जंगलं, आतल्या काउंटरवर गुलाबी आणि चंदेरी पिशव्यांतली कार्डं, आणि प्रत्येक दुकानदाराच्या तोंडी "टेस्टिंग वॉरंटी सात दिवस". जुनं कार्ड घेणं हे म्हशाच्या जत्रेत बैल घेण्यासारखं आहे. मुरबाडजवळच्या म्हशाला पौष पौर्णिमेला गुरांचा मोठा बाजार भरतो. तिथे जाणता माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता बैलाच्या तोंडाकडे बघतो, दात मोजतो, चार पावलं चालवतो, खुराला हात लावतो. माझे वडील तसं करायचे. मी कार्डाचा पंखा बोटाने हलकेच फिरवून पाहिला, अडतोय का, खरखरतोय का. स्क्रूंची डोकी झिजलेली आहेत का, म्हणजे कितीदा उघडलंय ते कळतं. हिरव्या पट्टीवर मेमरीच्या आसपास भाजल्याचा तपकिरी डाग आहे का. सोनेरी दात घासलेले आहेत का. ह्यालाही दात असतातच.

मग त्यांच्याच मशीनमध्ये लावून जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम उघडायचा. दहा वर्षांपूर्वीची मेलेली कार्डं उचलून, त्यांच्या आतला मजकूर बदलून, "मी १०५० टीआय आहे" असं त्यांच्याकडून वदवणारी टोळी जगभर आहे, आणि हा प्रोग्राम अशा कार्डाच्या नावाआधी "फेक" अशी अक्षरं लावतो. आमच्या कार्डाने आपलं नाव खरं सांगितलं.

इथे चार जीबीचा एक फायदा सांगायला हवा. २०२१ मध्ये जगभर ग्राफिक्स कार्डांची टंचाई झाली होती आणि इथेरियमचं चलन खोदणाऱ्यांनी मिळेल ते कार्ड रात्रंदिवस राबवलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि ती दमलेली कार्डं ढिगाने बाजारात उतरली, आपल्याकडेही. पण त्या खोदकामाला लागणारी फाइल २०२० संपता संपता चार जीबीच्या पुढे गेली होती. त्यामुळे ऐन हंगामात चार जीबीची कार्डं त्या कामाला नालायक ठरली. आमच्या कार्डाने तो छळ बहुधा पाहिला नसावा. कुठल्याशा पोराने त्यावर परीक्षेच्या आधी खेळ खेळले असतील आणि आईने विकायला लावलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

घरी आल्यावर कळलं की कार्डाला लांब पट्टी आहे. मागच्या बाजूची ती पत्र्याची पट्टी, जिच्यावर स्क्रू बसतो. चपट्या डब्याला आखूड पट्टी लागते, ती नव्या खोक्यात सुटी येते आणि पहिल्या मालकाच्या घरी कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये राहून जाते. पुतण्याने ती लांब पट्टी खोलली आणि शेणवा नाक्यावरच्या ग्रिलच्या दुकानात नेली. तिथे शटर, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे साखळदंड असा माल. कारागिराने पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली, डब्याचं माप मागितलं, ग्राइंडरने एका ठिणगीत कापली आणि पक्कडीने वरचा कान काटकोनात वाकवला. दोन मिनिटं. पैसे घ्यायला तयार नव्हता. "हे कसलं यंत्र?" म्हणाला. पुतण्याने सांगितलं, चित्र काढायचं. कारागिराला ते पुरेसं वाटलं. एनव्हिडियाचं मोठं कार्यालय पुण्यात आहे, तिथल्या कुणी हे कान वाकवणं पाहायला हवं होतं.

विजेचं म्हणाल तर, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज साडेसातशे किलोमीटर एकाच दमात धावून पडघ्याला उतरते. १९९९ पासून चालू असलेली, पाचशे किलोव्होल्टची, दीड हजार मेगावॅट वाहणारी लाइन. पडघा आमच्या शेजारच्या भिवंडी तालुक्यात. भातसा धरण तर तालुक्यातलंच, त्याच्या पायथ्याशी छोटं वीजघरही आहे. मुंबई भातसाचं पाणी पिते, आणि एप्रिल-मेमध्ये तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. वीजही अशीच जवळून जाते. रोहिणीच्या सरी, ऑक्टोबरातला गडगडाट, ह्या दिवसांत आई आभाळाकडे बघून सांगते, "पिना काढा रे." मग टीव्ही, सेट-टॉप, आता हा डबा, सगळ्यांच्या पिना निघतात. पंचाहत्तर वॅटचं मोल अशा घरात कळतं. डबा, कार्ड, टीव्ही सगळं मिळून अडीचशे वॅटच्या आत भागतं. अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर ३७३ वॅटची. २०२५ च्या जानेवारीत आलेलं आरटीएक्स ५०९० एकटंच ५७५ वॅटपर्यंत खातं. ते आमच्या ओटीवर लावलं तर पाणी चढवायची आणि खेळायची वेळ वेगवेगळी ठरवावी लागेल, आणि वहिनी कुठली वेळ आधी ठरवेल हे सांगायला नको.

कार्ड बसलं, केबल लागली, चित्र आलं, आणि पुतण्याचा चेहरा पडला. खालची पट्टी अर्धी गायब, डावीकडचं चिन्ह भिंतीत शिरल्यासारखं. काळा रंग राखेसारखा. माउस हलवला की बाण मागून येतोय. "फसलो काका." पण दोष कार्डाचा नव्हता. जुन्या काचेच्या टीव्हींमध्ये चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवत. काच गेली, तरी ती सवय नव्या टीव्हीत राहिली. रिमोटमध्ये शोधायचं, कुठे "जस्ट स्कॅन" म्हणतात, कुठे "स्क्रीन फिट". ते केलं आणि कडा बाहेर आल्या. काळ्याचं कारण असं की टीव्हीच्या जगात काळा १६ पासून आणि पांढरा २३५ पर्यंत मोजतात, कॉम्प्युटरच्या जगात ० ते २५५. दोघांना एकच माप सांगितलं की अंधार पुन्हा अंधार होतो. उशीर मात्र टीव्हीच्या हौसेपायी. तो आलेलं प्रत्येक चित्र नटवतो, गुळगुळीत करतो, रंग चढवतो, आणि काही टीव्ही ह्यात शंभरेक मिलिसेकंद घालवतात. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला सतरा मिलिसेकंदसुद्धा नाहीत, तेव्हा बटण दाबल्यावर सहा चित्रं निघून गेलेली असतात. गेम मोड लावला की टीव्ही नटवणं सोडतो आणि मिळालं ते तसंच दाखवतो. माझ्या मते सिनेमाही त्याच मोडमध्ये बघावेत, पण भावाला त्याचे भडक रंग लागतात.

पहिल्या संध्याकाळी खेळला गेला तो क्रिकेट ०७. ज्याला कार्डाची गरजच नाही असा. ईए स्पोर्ट्सने २००६ साली काढलेला, त्यानंतर त्यांनी क्रिकेटचा खेळ काढलाच नाही, आणि भारतातल्या पोरांनी त्यात नवे संघ, नवे शर्ट, नवी स्टेडियमं भरून तो आजपर्यंत जिता ठेवला आहे. एवढा खटाटोप करून हा खेळ? मी विचारलं. "वाडीतल्यांना हाच येतो ना," पुतण्या म्हणाला. खाटेपाशी खाली पाच-सहा पोरं बसली होती, एकच कंट्रोलर, आणि आउट झाला की पुढच्याकडे द्यायचा असा नियम आपोआप ठरला.

मोटारींचा खेळ नंतर लागला, फुल एचडीत, सावल्यांची पातळी एक घर खाली आणून. सावली थोडी ओबडधोबड पडते. नऊ फुटांवरून ती सावली आहे एवढं कळतं.

आईला आवडला तो राजी. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनी २०२० मध्ये काढलेला, सर्कशीत वाढलेली पोर राजी आणि तिचा पळवून नेलेला भाऊ गोलू. गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगतात, मधे मधे बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ येतो. पुतण्या एका हाताने राक्षस मारत आजीला मराठीत सांगत राहतो. "आता ती देवीकडून त्रिशूळ घेतेय आजी." आई खाटेवर टेकून बघते. मालिकेची वेळ झाली तरी रिमोट मागत नाही, फक्त विचारते, "सापडला का भाऊ?" कॉम्प्युटर पोराच्या खोलीत, टेबलावर, हातभर अंतरावर असता, तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

परवा गेलो तेव्हा टीव्हीवर खेळ नव्हता. भावाने पुतण्याला बाजूला बसवून महाभूलेखवरचा सातबारा लावायला सांगितला होता. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनापासून तालुक्यात सगळेच उतारे बारकाईने वाचायला शिकलेत, पण मोबाइलच्या पडद्यावर भावाला अक्षरं लागत नाहीत. त्रेचाळीस इंचांवर गट नंबर हाताच्या पंज्याएवढा दिसत होता. भाऊ खाटेवरून उठून पडद्याला नाक लावायला गेला आणि "इतर हक्क"च्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे नाव इथं कसं आलं?" वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. आईने चष्मा मागितला. आजोबांच्या चुलत्यापासून सुरुवात झाली, मग बांधावरच्या आंब्याचा विषय निघाला, मग तलाठ्याकडे सोमवारी कोण जाणार ह्यावरून दोघांत जुंपली. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, प्रिंटर कितीपर्यंत येतो?"